विश्लेषण : बंबावर पाचवा जवान हवा की नको? न्यूयॉर्कची अग्निशमन संघटना एका माणसासाठी का भांडते?

आगीच्या बंबावर अधिकाऱ्याखेरीज चार जवान असावेत की पाच, या प्रश्नावरून न्यूयॉर्क शहराचे प्रशासन आणि तिथल्या अग्निशमन जवानांची संघटना कित्येक वर्षे भांडत आहेत. २०२५ च्या सुरुवातीला शहरातील २० बंबांवरचा पाचवा जवान काढून घेण्यात आला आणि हा वाद पुन्हा तापला. वरवर पाहता हा नोकऱ्यांचा आणि ओव्हरटाइमचा झगडा वाटतो. पण त्याच्या तळाशी प्रत्येक मोठ्या शहराला लागू होणारा प्रश्न आहे. वर्दी मिळाल्यावर गाडीतून किती माणसे उतरली पाहिजेत, हे ठरवायचे कोणी? महापौरांनी, कायद्याने, तज्ज्ञांनी की आगीत शिरणाऱ्या जवानांनी?

वाद नेमका काय आहे?

न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात दोन प्रकारच्या गाड्या महत्त्वाच्या आहेत. पाणी मारणारा बंब म्हणजे ‘इंजिन’ आणि शोध, सुटका, धूर बाहेर काढणे ही कामे करणारी शिडीची गाडी म्हणजे ‘लॅडर’. शहरात सुमारे २०० इंजिन आणि १४३ लॅडर कंपन्या आहेत. लॅडरवर एक अधिकारी आणि पाच जवान असतात. इंजिनवर सर्वसाधारणपणे एक अधिकारी आणि चार जवान असतात. वाद आहे तो इंजिनवरच्या पाचव्या जवानाचा.

१९९० च्या दशकात ‘युनिफॉर्म्ड फायरफायटर्स असोसिएशन’ ही जवानांची संघटना आणि शहर प्रशासन यांच्यात एक करार झाला. त्यानुसार ६० इंजिनांवर पाचवा जवान ठेवण्यात येत होता. जानेवारी २०११ अखेर कराराची मुदत संपली. तेव्हाचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या प्रशासनाने त्याचे नूतनीकरण न करता पाचवा जवान बंद केला. २०१५ मध्ये महापौर बिल डी ब्लासिओ यांच्या काळात नवा वेतन करार झाला. त्यात हा जवान मर्यादित स्वरूपात परत आला. आधी पाच इंजिनांवर आणि मग टप्प्याटप्प्याने २० इंजिनांवर.

मात्र त्याला एक अट जोडलेली होती. दलातील वैद्यकीय रजेचे प्रमाण साडेसात टक्क्यांच्या वर गेले तर प्रशासनाला पाचवा जवान काढता येईल. २०२५ च्या सुरुवातीला प्रशासनाने याच अटीचा आधार घेतला.

पाचवा जवान करतो काय?

गाडीवर पाच जण दिसले म्हणून पाचही जण आगीपाशी पोहोचत नाहीत. चालक खाली थांबतो. रस्त्यावरच्या हायड्रंटला पाइप जोडणे, पंप चालवणे आणि दाब सांभाळणे हे त्याचे काम. अधिकारी पुढे जाऊन आग कुठे आहे, जिना कोणता घ्यायचा हे ठरवतो. उरले तीन जवान. एकाच्या हातात नोझल असते, दुसरा त्याच्या मागे पाण्याच्या दाबाचा धक्का पेलतो आणि तिसरा किती लांबीचा पाइप लागेल, तो कुठे जोडायचा हे पाहतो.

पाचवा जवान असेल तर तो दारापाशी किंवा जिन्याच्या वळणावर उभा राहतो. पाण्याने भरलेला पाइप जड आणि ताठ असतो. तो दाराच्या कोपऱ्यात अडकला तर पुढची जोडी जागीच अडते. खोलीत धुराने काहीच दिसत नसताना तिला पुढेही जाता येत नाही आणि पाणीही हवे तिथे पोहोचत नाही. हा अडथळा सोडवायला तिथे माणूस लागतो.

उंच इमारतीत आणखी एक हिशेब असतो. तिथे पाइप खालून ओढत नेत नाहीत. जवान ५० फुटांच्या घड्या खांद्यावर घेऊन वर जातात आणि इमारतीतल्या पाण्याच्या नळाला त्या जोडतात. त्यामुळे माणूस कमी झाला की वर पोहोचणारा पाइपही कमी होतो.

चार जवानांचे इंजिन हे काम करू शकत नाही असे नाही. न्यूयॉर्कमध्ये पहिला पाइप आत नेण्यासाठी पहिल्या आणि दुसऱ्या इंजिनचे जवान एकत्र काम करतात. संघटनेचे म्हणणे एवढेच, की दुसरे इंजिन येईपर्यंतचा वेळ आत अडकलेल्यांसाठी मोलाचा असतो.

अभ्यास काय सांगतात?

या वादात सर्वाधिक उल्लेख होतो तो अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके आणि तंत्रज्ञान संस्थेच्या (निस्ट) दोन अभ्यासांचा. पहिला २०१० चा. दोन मजली, साध्या घराला आग लागली असे धरून दोन, तीन, चार आणि पाच जणांच्या पथकांकडून २२ कामे करून घेण्यात आली. चार जणांच्या पथकांनी ही कामे दोन जणांच्या पथकांपेक्षा सरासरी सात मिनिटे आधी संपवली. तीन जणांच्या पथकांपेक्षा ती सुमारे पाच मिनिटांनी पुढे होती. पाचवा माणूस वाढवल्यावर मात्र एकूण वेळ कमी झाला नाही.

दुसरा अभ्यास २०१३ चा. त्यात १३ मजली इमारत निवडण्यात आली आणि आग दहाव्या मजल्यावर आहे असे मानले गेले. इथे चित्र बदलले. सगळी कामे पूर्ण करायला तीन जणांच्या पथकांना चार जणांपेक्षा जवळपास १२ मिनिटे, पाच जणांपेक्षा २१ मिनिटे आणि सहा जणांपेक्षा २३ मिनिटे जास्त लागली.

हे आकडे नीट वाचायला हवेत. अभ्यासातले पथक अधिकाऱ्यासह मोजलेले आहे. म्हणजे न्यूयॉर्कमधील ‘चार जवान’ हे अभ्यासातले पाच जणांचे पथक आणि ‘पाचवा जवान’ म्हणजे सहावा माणूस. उंच इमारतीतही पाचावरून सहावर गेल्याने वाचलेला वेळ दोन मिनिटांच्या आसपास आहे. तीनवरून चारवर आणि चारवरून पाचवर जाताना मिळणारा लाभ त्याहून कितीतरी मोठा आहे.

म्हणून संघटनेचा दावा खोटा ठरत नाही, पण तो सरसकट सगळीकडे लागू होतो असेही म्हणता येत नाही. ब्रॉन्क्स किंवा ब्रुकलिनमधील लिफ्ट नसलेली, अरुंद जिन्याची जुनी पाच-सहा मजली इमारत आणि उपनगरातले सुटे घर यांना एकच आकडा लावणे हा दोन्ही बाजूंचा सोपा मार्ग झाला. आणखी एक गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी. २०१० च्या अभ्यासात अमेरिकेतील जवानांची राष्ट्रीय पातळीवरची संघटना भागीदार होती. अग्निशमन प्रमुखांची संघटनाही होती. प्रयोग मोजमापाचे असल्याने त्यामुळे निष्कर्ष बाद ठरत नाहीत. पण संशोधन करून घेण्यातही संघटना किती पुढे असतात, हे त्यावरून कळते.

हा आकडा कायद्यात का नाही?

अमेरिकेत बंबावर किती माणसे असावीत हे सांगणारा देशव्यापी कायदा नाही. एनएफपीए या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे ‘१७१०’ हे मानक आहे. पगारी अग्निशमन दलात इंजिनवर अधिकाऱ्यासह किमान चार जण असावेत, पहिले इंजिन चार मिनिटांच्या प्रवासात पोहोचावे, असे ते सांगते. जास्त धोक्याच्या भागांत पाच-सहा जण असावेत, असेही त्यात आहे. पण हे मानक ऐच्छिक आहे. शहराने स्वीकारले तरच ते लागू होते.

कायद्याने बंधनकारक असलेली एक गोष्ट म्हणजे १९९८ पासूनचा ‘दोन आत, दोन बाहेर’ हा नियम. जिवाला तात्काळ धोका असलेल्या धुरात शिरताना जोडीनेच शिरायचे आणि त्यांच्या सुटकेसाठी दोघांनी बाहेर सज्ज राहायचे. आत माणूस अडकल्याचे माहीत असेल तर सुटकेसाठी याला अपवाद आहे. हा नियम घटनास्थळी किती जण हवेत ते सांगतो. ते एका गाडीतून यावेत की दोन, याबद्दल तो काही म्हणत नाही.

मग हा विषय संघटनेकडे आला कसा?

न्यूयॉर्क शहराच्या सामूहिक वाटाघाटींच्या कायद्यात याचे उत्तर आहे. किती माणसे नेमायची, सेवा कशी चालवायची हा प्रशासनाचा अधिकार आहे, असे तो कायदा म्हणतो. मात्र त्या निर्णयाचा कामाच्या भारावर आणि कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेवर प्रत्यक्ष परिणाम होत असेल, तर त्या परिणामावर वाटाघाटी करता येतात. संघटना या दारातून आत येते. ‘माणसे वाढवा’ अशी थेट मागणी करण्यापेक्षा ‘माणसे कमी केल्याने आमचा जीव धोक्यात येतो’ हे सिद्ध करणे तिला जास्त सोयीचे असते.

दुसरे कारण संपबंदीचे. न्यूयॉर्क राज्याच्या १९६७ च्या टेलर कायद्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपावर बंदी घातली. संप केल्यास एका दिवसासाठी दोन दिवसांचा पगार कापला जातो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनाही अग्निशमन ही अत्यावश्यक सेवा मानते आणि तिथे संपावर बंदी घालणे मान्य करते. बंब थांबले तर माणसे मरतील, म्हणून ही बंदी रास्तच आहे. पण संपाचे हत्यार काढून घेतल्यावर संघटनेकडे करार, लवाद, न्यायालय, नगर परिषदेतील राजकारण आणि जनमत एवढेच मार्ग उरतात. त्यामुळे बंबावरील माणसांचा प्रश्न पगारवाढीच्या टेबलावर येतो, तिथे त्याची देवाणघेवाण होते आणि करार संपला की तोही संपतो. २०११ मध्ये तेच झाले.

प्रशासनाची बाजू काय?

ती हलक्यात घेण्यासारखी नाही. गाडीवरची एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठवड्याचे १६८ तास होतात. एका जवानाचे आठवड्याचे काम ४० तासांच्या आसपास धरले तरी एका जागेसाठी चार माणसे लागतात. रजा, प्रशिक्षण आणि दुखापती धरल्या तर आकडा पाचाजवळ जातो. म्हणजे २० इंजिनांवरच्या पाचव्या जागेसाठी ढोबळमानाने शंभर माणसे आणि ६० इंजिनांसाठी तीनशे. माणसे कमी पडली तर तीच जागा ओव्हरटाइमने भरावी लागते.

प्रशासन असेही म्हणते, की पाचव्या जवानाविनाही न्यूयॉर्कचे इंजिन राष्ट्रीय मानकातील किमान आकड्यापेक्षा एकाने पुढे आहे. शिवाय आज अग्निशमन दलाला येणाऱ्या वर्द्यांत वैद्यकीय मदतीच्या वर्द्यांचा वाटा मोठा आहे. तिथे पाइप ओढणारा पाचवा जवान काय कामाचा? तोच पैसा रुग्णवाहिकांवर किंवा आग प्रतिबंधक तपासणीवर खर्च केला तर जास्त जीव वाचतील, हा युक्तिवाद अर्थसंकल्पाच्या भाषेत बिनतोड वाटतो.

आजारपणाची अट का खटकते?

न्यूयॉर्कच्या जवानांना आजारपणाच्या रजेला ठरावीक दिवसांची मर्यादा नाही. जोखमीच्या कामाचा तो मोबदला मानला जातो. या सवलतीचा गैरवापर होऊ नये म्हणून प्रशासनाला काहीतरी लगाम हवा होता. साडेसात टक्क्यांची अट हा तो लगाम. संघटनेनेही त्यावर सही केली होती, हे विसरून चालणार नाही.

तरीही या अटीत एक मूलभूत विसंगती आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात या दलातील ३४३ जणांचा मृत्यू झाला. त्या ढिगाऱ्यातल्या धुळीमुळे पुढे झालेल्या आजारांनी मरण पावलेल्यांची संख्या आता त्याहून अधिक झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचे काम हे कर्करोगाला कारणीभूत ठरणारे काम म्हणून पहिल्या गटात टाकले. म्हणजे काम करताना माणूस आजारी पडतो हे विज्ञान मान्य करते आणि करार सांगतो, की फार जण आजारी पडले तर उरलेल्यांनी कमी माणसांत काम करावे. माणूस कमी झाला की उरलेल्यांवरचा ताण वाढतो आणि दुखापतीची शक्यताही वाढते.

शिवाय या अटीचा आगीशी काहीच संबंध नाही. एखाद्या वस्तीतल्या इमारती आदल्या दिवशी जितक्या धोकादायक होत्या, तितक्याच दुसऱ्या दिवशीही असतात. मधल्या काळात शहरभरातल्या रजेची टक्केवारी बदलली म्हणून तिथल्या रहिवाशांच्या वाट्याचा जवान जातो. त्या करारावर रहिवाशांची सही नसते.

कपातीचे परिणाम न्यूयॉर्कने पाहिले आहेत?

पाहिले आहेत. १९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते, तेव्हा जवानांना कामावरून काढण्यात आले आणि काही कंपन्या बंद झाल्या. ब्रुकलिनमधील विल्यम्सबर्ग भागात ‘इंजिन २१२’ बंद होणार म्हटल्यावर रहिवाशांनीच केंद्राचा ताबा घेतला आणि तिथे मुक्काम ठोकला. अखेर शहराला ते केंद्र पुन्हा सुरू करावे लागले. लोक आजही त्याला ‘जनतेचे अग्निशमन केंद्र’ म्हणून ओळखतात. २००३ मध्ये मात्र इतर पाच कंपन्यांसोबत ते बंद झाले.

दुसरा धडा साधनांचा. १९९० च्या दशकात जवानांना स्वतःच्या सुटकेसाठी वैयक्तिक दोर दिले जात. २००० च्या सुमारास ते बंद झाले. २३ जानेवारी २००५ रोजी ब्रॉन्क्समधील एका इमारतीत आगीने वाट अडवल्यावर सहा जवानांना चौथ्या मजल्याच्या खिडकीतून उड्या टाकाव्या लागल्या. दोघांचा मृत्यू झाला आणि एकाचा काही वर्षांनी. इतर जण गंभीर जखमी झाले. त्याच वर्षी दलाने नवी दोर-यंत्रणा आणली. २०१६ मध्ये ज्यूरीने १८ कोटी डॉलरहून अधिक भरपाई जाहीर केली आणि ८० टक्के जबाबदारी शहरावर टाकली. दोरावर वाचवलेल्या पैशाशी या रकमेची तुलनाच होऊ शकत नाही.

संघटना नेहमीच बरोबर असते का?

नाही. ६ नोव्हेंबर १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या जवानांनी सुमारे साडेपाच तास संप केला. सदस्यांनी संपाच्या बाजूने कौल दिला आहे, असे नेतृत्वाने सांगितले होते. प्रत्यक्षात मतदानाचा कौल संपाच्या विरोधात होता, हे पुढे उघड झाले. सुरक्षिततेच्या नावाने बोलणाऱ्या नेतृत्वाचा शब्द तपासून घ्यावा लागतो, याचे हे उदाहरण आहे.

दुसरी मर्यादा संघटनेच्या स्वभावातच आहे. ती सदस्यांची प्रतिनिधी असते, नागरिकांची नव्हे. जिथे दोघांचे हित एक असते तिथे तिचा आवाज शहराच्या उपयोगी पडतो. पण बरीच सुरक्षितता बंबाच्या बाहेर असते. ९ जानेवारी २०२२ रोजी ब्रॉन्क्समधील ट्विन पार्क्स इमारतीत हीटरमुळे लागलेल्या आगीत १७ जणांचा जीव गेला. त्यांत आठ मुले होती. आग एका घरापुरतीच राहिली असती, पण आपोआप बंद व्हायला हवी होती ती दारे उघडी राहिली आणि धूर जिन्यांत पसरला. २०२३ मध्ये शहरात लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे २६८ आगी लागल्या आणि १८ जणांचा मृत्यू झाला. दारांच्या बिजागऱ्या आणि निकृष्ट बॅटऱ्या यांवर उपाय तपासणीने आणि कायद्याने होतो. पाचव्या जवानाने तो होत नाही.

संघटना कमकुवत असेल किंवा नसेलच तर?

लंडनमध्ये ९ जानेवारी २०१४ रोजी एकाच दिवशी दहा अग्निशमन केंद्रे बंद करण्यात आली. बोरिस जॉन्सन तेव्हा महापौर होते. ‘फायर ब्रिगेड्स युनियन’ ही १९१८ पासूनची मोठी संघटना विरोधात होती आणि काही स्थानिक परिषदा उच्च न्यायालयातही गेल्या. पण कपात थांबली नाही. तीन वर्षांनी, १४ जून २०१७ रोजी, ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ जणांचा मृत्यू झाला. चौकशीच्या पहिल्या अहवालाने अग्निशमन दलाच्या ‘घरातच थांबा’ या सूचनेवर कठोर टीका केली. दुसऱ्या अहवालाने बांधकाम साहित्याचे उत्पादक आणि सरकारांच्या अनेक दशकांच्या चुका दाखवल्या. केवळ मनुष्यबळ हे उत्तर नाही, हे ग्रेनफेलनेही सांगितले.

जपानमध्ये तर अग्निशमन कर्मचाऱ्यांना संघटना स्थापन करण्याचीच कायद्याने मनाई आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत हा विषय अनेक दशके गाजतो आहे. त्यावर तोडगा म्हणून १९९० च्या दशकात दलांमध्ये कर्मचारी समित्या आणल्या गेल्या. तिथे कर्मचारी कामाच्या परिस्थितीबद्दल सूचना करू शकतात, पण समितीचे मत प्रमुखांवर बंधनकारक नसते. म्हणजे बोलायला जागा आहे, करार करायला नाही.

मुंबई-पुण्यासाठी यात काय आहे?

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. देशभर अग्निशमन सेवा दिन त्यांच्या स्मरणार्थच पाळला जातो. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीच्या आगीत मुंबई दलाने प्रमुखांसह चार अधिकारी गमावले. दोन्ही वेळा मानवंदना झाली, शोकसभा झाल्या. पण मुंबईत एका बंबावर किती माणसे असलीच पाहिजेत, हे सर्वसामान्य नागरिकाला विचारले तर सांगता येत नाही.

भारतात अग्निशमन हा राज्यांचा आणि महापालिकांचा विषय आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेने केंद्रे, वाहने आणि मनुष्यबळाचे निकष सुचवलेले आहेत. नावाप्रमाणेच ते सल्ला या स्वरूपाचे आहेत. केंद्राने दशकभरापूर्वी करून घेतलेल्या अभ्यासात केंद्रे, वाहने आणि माणसे या तिन्हींत मोठी तूट दिसली होती. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार राज्यांतील अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना २०२३ मध्ये सुरू झाली. त्यातून गाड्या आणि उपकरणे येतील. पण गाडी एकदा विकत घेता येते, तिच्यावरच्या माणसाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. उंच शिडीच्या उद्घाटनाचा फोटो छापून येतो, रिक्त पदांचा येत नाही.

महाराष्ट्रातील पालिकांचे अग्निशमन कर्मचारी सहसा पालिका कामगारांच्या संघटनांशी जोडलेले असतात. या संघटनांच्या वाटाघाटींच्या बातम्या येतात त्या दिवाळीच्या सानुग्रह अनुदानाच्या, वेतन आयोगाच्या थकबाकीच्या आणि निवृत्तिवेतनाच्या. या मागण्या न्याय्यच आहेत. पण अग्निशमन हा मोठ्या संघटनेतला छोटा विभाग असतो आणि ‘बंबावर किमान इतके जण असल्याशिवाय गाडी बाहेर पडणार नाही’ ही मागणी त्या यादीत क्वचितच वर येते.

मग आकडा ठरवायचा कोणी?

न्यूयॉर्कच्या वादाचे सार असे, की कायद्याने मोकळी सोडलेली जागा संघटनेने भरून काढली. तिने ती भरली नसती तर आकडा दर अर्थसंकल्पात हलला असता. पण करारात लिहिलेला आकडा वेतनवाढ, ओव्हरटाइम आणि रजेच्या टक्केवारीला बांधला जातो, ही त्याची किंमत आहे.

यातून मधला मार्ग निघू शकतो. कोणत्या वस्तीत कसल्या इमारती आहेत, त्यांची उंची किती, जिने किती रुंद, रस्त्यावर हायड्रंट आहेत का, यावरून प्रत्येक केंद्राचा किमान आकडा ठरवता येतो. तो नियमांत लिहिता येतो आणि प्रत्येक पाळीत तो पाळला गेला की नाही हे जाहीर करता येते. आकडा ठरवताना जवानांच्या प्रतिनिधींना टेबलावर जागा द्यावी लागेल, कारण पाइप कुठल्या वळणावर अडकतो हे त्यांनाच माहीत असते. शेवटचा शब्द मात्र रहिवाशांना उत्तरदायी असलेल्या यंत्रणेचा असावा. पगार आणि रजेची भांडणे मग स्वतंत्रपणे चालू राहू शकतात.

न्यूयॉर्कमध्ये लढाई पाच की सहा माणसांची आहे. अभ्यास सांगतात, की तिथे वाचणारी मिनिटे थोडी आहेत. जिथे गाडी तीन किंवा चार माणसांनिशी निघते, तिथे एकेका माणसामागे नऊ ते बारा मिनिटांचा फरक पडतो. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या नागरिकाने आपल्या नगरसेवकाला विचारायचा पहिला प्रश्न साधा आहे : आपल्या केंद्रातून काल रात्री निघालेल्या बंबावर किती जण होते?